जीपमधली पुढची जागा

मी विसरलो नव्हतो. बायकोला पुढं एकदा ही गोष्ट सांगितली, तेव्हा "पोरवय होतं, निरोप द्यायचा विसरलो," एवढंच सांगून मी विषय बदलला होता. तिनं ते खरं मानलं. पण ते खरं नव्हतं. वेळा अमावस्येच्या आदल्या संध्याकाळी मी हुसेनचाचाच्या दारापर्यंत गेलो होतो, आतलं बोलणं कान देऊन ऐकलं होतं आणि काहीही न सांगता परत फिरलो होतो. तेव्हा मी पंधरा वर्षांचा होतो. पंधरा वर्षांच्या मुलाला आपण काय करतोय ते कळतं. मला कळत होतं.

आम्ही तेव्हा नळदुर्गात राहत होतो. अण्णा, म्हणजे माझे वडील, प्राथमिक शाळेत मास्तर. आई आळंद भागातली, त्यामुळं घरात निम्मं कन्नड, निम्मं मराठी. राग आला की ती कन्नडमध्ये बोलायची आणि राग ओसरला की मराठीत यायची. घरात लहान मूल नव्हतं. माझ्यामागं एक बहीण झाली होती, ती दोन महिन्यांतच गेली. आई तिचं नाव कधी घेत नसे, पण ट्रंकेच्या तळाशी तिची दोन झबली होती हे मला ठाऊक होतं. ती जागा शमूनं भरून काढली, असं म्हणणं बरोबर नाही, तशी जागा भरत नसते. पण शमू आली की आईचा आवाज बदलायचा, एवढं मी सांगू शकतो.

शमू म्हणजे हुसेनचाचाची मुलगी. चाचा पिंजारी. तीन गल्ल्या सोडून, किल्ल्याच्या अंगाला त्यांचं घर होतं. त्या गल्लीत शिरण्याआधीच कापूस पिंजायच्या धनुकलीचा आवाज यायचा. ताँय, ताँय, आणि मध्येच एक खोल घुमारा. चाचाच्या भुवयांवर, मिशांवर कापसाचे तंतू बसलेले असत. शमू त्या पिंजलेल्या ढिगात खेळायची आणि आमच्याकडं यायची तेव्हा तिच्या केसांतून आई एकेक तंतू वेचत बसायची. "अगं, ही तर म्हातारी होऊन आली," आई म्हणायची. आणि चार वर्षांची शमू कमरेवर हात ठेवून म्हणायची, "हौ. मई बुड्ढी है." चाचा आणि अण्णा लहानपणी एका शाळेत होते. अण्णा मास्तर झाले तरी चाचाला ते अरेतुरेच करत. चाचा मात्र त्यांना "मास्तर, तुमी" असंच म्हणायचा. अण्णांनी कितीदा सांगितलं तरी त्यानं ते सोडलं नाही.

वेळा अमावस्येला आम्ही येळवस म्हणतो. आमच्या भागात दिवाळीपेक्षा तो दिवस मोठा. त्या दिवशी गाव ओस पडतं, दुकानं बंद, गल्लीत कुत्रं दिसत नाही, सगळी माणसं रानात. ज्वारी कमरेच्या वर आलेली असते, हरभऱ्याला घाटे धरलेले असतात. शेतात कडब्याच्या पेंढ्यांची कोप करायची, आत पाच दगड चुन्यानं रंगवून पांडव म्हणून मांडायचे, पूजा करायची आणि मग आंबील शिंपडत, "ओलगेऽ ओलगेऽ" असं ओरडत शेताला फेरा घालायचा. आदले दोन दिवस आमचं घर शेंगा सोलण्यात जायचं. तूर, वाटाणा, वाल, पावटा, जे मिळेल ते. त्या सगळ्याची हरभऱ्याच्या पिठात शिजवलेली भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, आणि मडकं भरून ताकातली आंबील. आंबिलीला जिरं-लसणाचा वास असायचा, आणि तो वास दोन दिवस आईच्या पदराला राहायचा. आता माझी सून मिक्सरवर सगळं तासाभरात करते. चवीला काही कमी नसतं. पण शेंगा सोलताना जे बोलणं व्हायचं ते राहून जातं.

ज्यांना शेत नाही त्यांना शेतवाल्यांनी बोलवायचं, ही रीत. आणि ते बोलावणं आदल्या दिवशी, दारात जाऊन द्यायचं. दरवर्षी येणाऱ्या माणसालाही. त्याला आवतन म्हणतात. आवतन नसताना कुणी आपण होऊन शेतावर येत नाही. हुसेनचाचाचं कुटुंब मला आठवतं तेव्हापासून आमच्या शेतावर यायचं. चाचा, त्याची बायको जैतूनखाला आणि पुढं शमू. तरीही दरवर्षी अण्णा आदल्या संध्याकाळी त्यांच्या दारात जाऊन म्हणायचे, "हुसेन, उद्या सगळ्यांनी रानात यायचं." आणि चाचा जणू पहिल्यांदाच ऐकतोय असा चेहरा करून म्हणायचा, "आता तुमी म्हनताव तर येतो बा." मला ते नाटक वाटायचं. मी एकदा विचारलंही, की ते येणारच आहेत तर सांगायला कशाला जायचं? अण्णा म्हणाले, "येणारंय म्हणून सांगायचं नाही? माणसाला असं गृहीत धरून बसायचं व्हय रे?"

फेऱ्याच्या वेळी शमू माझ्या खांद्यावर असायची. पुढं अण्णा आंबील शिंपडत, मागं आम्ही. "ओलगेऽ" ती माझे केस मुठीत धरून इतक्या जोरात ओरडायची की शेजारच्या शेतातली माणसं हसायची. अण्णा म्हणायचे, "पाऊस घाबरून येतंय बघ हिला."

त्या वर्षी काका आले. अण्णांचे धाकटे भाऊ, उमरग्याकडं ठेकेदारी करायचे. त्यांनी नवी जीप घेतली होती, आणि ते काकूला आणि दोन मुलांना घेऊन येळवशीला आले. तोवर आम्ही शेतावर बैलगाडीनं जात होतो. जीपमध्ये टेप होता. समोर काचेला झुलणारी मण्यांची माळ होती. मी दुपारभर त्या जीपभोवती फिरत होतो. काका म्हणाले, "सिद्धू, उद्या पुढं बस माझ्याजवळ. गिअर कसा टाकतात दावतो तुला." आणि मग आईनं ओसरीवर बसून माणसं मोजली.

"मागं आपण, काकू, पोरं. जैतून आन् शमू बसली की भरली गाडी. हुसेनभाऊ पुढं बसतील. सिद्धू सायकलवर येईल."

"व्हय, सायकल हाय की त्याला," अण्णा म्हणाले, आणि पायाला ठेच लागली होती म्हणून पुढं म्हणाले, "आज तूच जाऊन ये हुसेनकडं. आवतन दे. नीट सांग, नुसतं दारातून ओरडू नको."

मी निघालो. रस्त्यात मी काहीही ठरवलेलं नव्हतं, हे मी देवाशपथ सांगतो. मला राग आला होता, एवढंच. धनुकलीचा आवाज बंद होता, म्हणजे चाचानं काम आवरलं होतं. दार लोटलेलं होतं. मी कडीला हात लावणार इतक्यात आतून शमूचा आवाज आला.

"अम्मी, कल जाना है ना?"

"बुलाने तो आन दे," जैतूनखाला म्हणाली.

"सिद्धूभाई आतंय क्या मास्तरचाचा?"

"कोई बी आतंय. तू केस सूखने दे पहले."

तिचे केस धुतले होते. येळवशीसाठी धुतले होते. मी कडीवरचा हात काढला. किती वेळ उभा राहिलो ते सांगता येणार नाही. मग चपलांचा आवाज होऊ नये म्हणून त्या हातात घेतल्या आणि गल्लीच्या टोकापर्यंत अनवाणी गेलो. चपला हातात घेतल्या, या एका गोष्टीमुळं मला स्वतःला कधी "विसरलो" असं पटवून देता आलं नाही.

घरी अण्णांनी विचारलं, "सांगितलास?"

"त्यांचं जमत नाही म्हणाले. गुलबर्ग्याला लग्न हाय."

"लग्न?" आई म्हणाली. "परवा तर जैतून काही बोलली नाही."

"अचानक ठरलंय म्हणं."

अण्णा म्हणाले, "असू दे. जाऊन येऊ देत." त्यांना माझा संशय आला नाही. मुलगा अशा गोष्टीत खोटं बोलेल हे त्यांच्या डोक्यातच येणं शक्य नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी पुढं बसलो. जीप हायवेवर आली, टेप लागला, काकांनी माझा हात गिअरवर ठेवला. मला वाटलं होतं तसं सगळं झालं. ते फार तर वीस मिनिटं टिकलं. शेतावर आईनं डबे उघडले तेव्हा त्यात सुपारीएवढे लहान लहान उंडे निघाले. शमूच्या हातात मावतील असे आई दरवर्षी वेगळे करायची. हात सवयीनं करून गेले असतील. तिनं ते काकूच्या मुलांपुढं ठेवले. मुलांनी ते एकमेकांना फेकून मारले. फेऱ्याला अण्णा पुढं, मी मागं, खांदे मोकळे. मी ओरडलो, पण माझा आवाज मलाच नको वाटला. अण्णा एकदा वळून म्हणाले, "आज रान लई गप गप वाटतंय, न्हाय का?"

दिवस मावळायला आम्ही परतलो. आईनं डबा भरून ठेवला होता. येळवशीचं जेवण न आलेल्यांना घरी पोचवायची रीत आहे. माझ्या डोक्यात ते आलंच नव्हतं. अण्णा म्हणाले, "लग्नाहून आले असतील आता. चल, दोघं जाऊन येऊ." मी म्हणालो, पाय दुखतोय तुमचा, मी एकटा जातो. ते म्हणाले, "दिवसभर माणूस दिसला नाही. चल."

दार उघडंच होतं. चाचा ओट्यावर बसला होता. त्याच्या मागं, पिंजलेल्या कापसाच्या ढिगाला टेकून शमू झोपली होती. अंगात लाल झालरीचा फ्रॉक, केसांना तेल, पायांत मोजे. मांडीवर तिची छोटी जर्मनची थाळी. शेतावर ती त्याच थाळीत जेवायची. जैतूनखाला आत चुलीशी होती, ती पदर सारखा करत दारात आली आणि तिथंच थांबली.

"काय हुसेन," अण्णा मोठ्यानं म्हणाले, "कसं झालं गुलबर्ग्याचं लग्न?"

चाचानं अण्णांकडं पाहिलं. मग माझ्याकडं पाहिलं. मी खाली पाहत होतो, तरी ते पाहणं मला कळलं. धनुकलीची तार ओढून सोडायच्या आधी जेवढा क्षण जातो, तेवढाच वेळ गेला असेल.

"झालं की मास्तर," चाचा म्हणाला. "बरं झालं. लई मानसं आलती."

"पोरगी दमली वाटतं."

"हौ. दमली."

बोलण्यानं शमू जागी झाली. तिनं आम्हाला पाहिलं, हातातली थाळी धरून उठून उभी राहिली, आणि मला म्हणाली, "अब जाना है क्या?"

जैतूनखालानं तिला उचललं आणि आत नेलं. अण्णा हसले, "झोपेत हाय लेकरू," म्हणाले. डबा देऊन आम्ही परत आलो.

पुढच्या वर्षी अण्णा स्वतः आवतन घेऊन गेले. खालाला ताप होता. त्याच्या पुढच्या वर्षी कुणी पाहुणे येणार होते. तिसऱ्या वर्षी चाचा म्हणाला, "मास्तर, तुमी आलाव तेच पावलं. पन न्हाय जमायचं." भांडण नाही, वाकडं बोलणं नाही. ईदेला शीरखुर्मा येत राहिला, पण चाचा तो दारातून द्यायचा, आत बसायचा नाही. शमू आमच्याकडं यायची बंद झाली. आईनं काही दिवस वाट पाहिली, मग तिनं ट्रंक आवरायला काढली आणि ती दोन झबली कुणाला तरी देऊन टाकली. तेव्हा मला त्या दोन गोष्टी जोडता आल्या नाहीत. आज जोडता येतात. पुढं कापूस पिंजायचं यंत्र आलं, चाचाचं काम गेलं, आणि ते बिऱ्हाड सोलापूरला गेलं. जातानाही ते निरोप घ्यायला आले, पण चहा न घेता गेले.

अण्णा शेवटच्या आजारात अंथरुणाला खिळले होते, तेव्हा एकदा म्हणाले, "हुसेन कशानं तुटला ते काही मला कळलं नाही बघ." मी त्यांच्या पायाला तेल लावत होतो. तेव्हा सांगता आलं असतं. खोलीत आम्ही दोघंच होतो. मी तेल लावत राहिलो. शमूच्या दारात मी जे केलं ते मुलाचं होतं, पण अण्णांच्या पायाशी बसून जे केलं ते चाळिशी गाठलेल्या माणसाचं होतं. दोहोंत दुसरं मला जास्त जड जातं.

मागच्या वर्षी नोकरीतली शेवटची बदली मुरुमला झाली. तिथल्या शाळेत झाडं लावायचा कार्यक्रम होता, आमच्या कृषी कार्यालयाकडून मी रोपं घेऊन गेलो. लहान मुलांच्या वर्गाच्या बाईंनी रोपं उतरवून घेतली. नाव विचारलं तर म्हणाल्या शमीम, आणि मूळ गाव विचारलं तर म्हणाल्या नळदुर्ग. मी माझं नाव सांगितलं. त्या एवढ्या मोठ्या बाई एकदम लहान झाल्या. "सिद्धूभाई?" तिनं विचारलं, आणि रविवारी घरी यायचा आग्रह केला.

मी गेलो. हुसेनचाचा केव्हाच गेला होता, जैतूनखाला दोन वर्षांपूर्वी. शमूनं चहा केला, आणि अण्णांचं नाव निघाल्यावर ती स्वतःच बोलायला लागली, अगदी सहज, जुनी गंमत सांगावी तसं. म्हणाली, "मी तुमच्या देवाला हात लावला होता ना लहानपणी, त्याच्यामुळं पुढच्या येळवशीला तुमी बोलवलं नाही आमाला."

मला काही कळेना. मग तिनं सांगितलं. आदल्या वर्षीच्या येळवशीला तिनं कोपीतला एक पांडव उचलून खालाच्या ओढणीत गुंडाळला होता आणि बाहुलीसारखा मांडीवर घेऊन बसली होती. ती सांगू लागल्यावर मलाही आठवलं. खाला घाबरली होती, आणि अण्णा खो खो हसत म्हणाले होते, "राहू दे जैतून, पांडवाला बी आई पायजे की." नंतर ते कुणाच्या लक्षातही राहिलं नाही. निदान आमच्याकडं तरी.

"त्या दिवशी दिवसभर आमी वाट बघितली," शमू म्हणाली. "आणि मग मास्तरचाचा आले, लग्न कसं झालं विचारले. अब्बा म्हणायचे, मास्तर मोठा माणूस. बोलवलं नाही, पण आपली इज्जत राहावी म्हणून लग्नाचं निमित्त त्यांनीच काढलं. म्हणून अब्बा पण हो म्हणाले. पुढं मास्तरचाचा बोलवायला आले तरी अब्बांना वाटायचं, नुसता मान ठेवायला येतात. अम्मीनं मात्र मला मारलं त्या दिवशी. पहिल्यांदा." ती हसली. "तवापासून मी कुणाकडं गेले की हात असे ठेवून बसते बघा."

तिचे दोन्ही हात मांडीवर, एकमेकांत घट्ट धरलेले होते. स्वतःच्या घरात बसली असतानासुद्धा.

दोन भली माणसं एकमेकांचा मान राखत राहिली, आणि त्यांच्या मधोमध माझं खोटं चाळीस वर्षं सुखानं बसून राहिलं. आणि मी त्या रविवारीही बोललो नाही. चहा प्यायलो, तिच्या नातवाच्या हातात बिस्किटाचा पुडा दिला, बसस्टँडवर आलो. घरी जेवलो नाही. बायकोनं विचारलं तेव्हा या वेळी तिला सगळं सांगितलं, चपला हातात घेतल्या त्याच्यासकट. ती म्हणाली, "मला सांगून काय होतंय? मला थोडंच वाट बघायला लावलं तुम्ही?"

दुसऱ्या दिवशी शाळा सुटायच्या वेळी मी मुरुमच्या त्या शाळेत गेलो. मुलं गेली होती. शमू वर्गात सतरंज्या गोळा करत होती. मी दारातच उभा राहिलो, कारण आत जाऊन बसलो असतो तर पुन्हा दुसरंच काहीतरी बोललो असतो.

"शमू, अण्णांनी आवतन दिलं होतं," मी म्हणालो. "माझ्याकडं दिलं होतं. मी तुमच्या दारापर्यंत आलो होतो. तू अम्मीला विचारत होतीस, कल जाना है ना. ते मी ऐकलं आणि परत गेलो. लग्नाचं मीच अण्णांना खोटं सांगितलं. अण्णांना मरेपर्यंत काही माहीत नव्हतं."

सतरंजी तिच्या हातात अर्धी गुंडाळलेली होती. "कशापायी?"

"काकांची जीप आली होती. तुम्ही आला असता तर मला सायकलवर जावं लागलं असतं. मला पुढं बसायचं होतं."

ती माझ्याकडं बघत राहिली. "जीपमध्ये बसायला?"

"हो. जीपमध्ये बसायला."

ती खाली सतरंजीवर बसली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते माझ्यासाठी नव्हतं. "अम्मी मरताना पण म्हणाल्या हो मला," ती म्हणाली. "'तुला मारलं त्या दिवशी, पण देवाला हात लावायचा नव्हता गं शमू.' अम्मीला सांगायला पायजे होतं तुमी."

"पाहिजे होतं," मी म्हणालो. "नाही सांगितलं. खालाचं काही चुकलं नव्हतं. चाचाचं नव्हतं. तू त्या दगडाला मांडीवर घेतलंस तेव्हा आमच्या घरात कुणालाही राग आला नव्हता, अण्णा तर हसत होते. तू काहीही वाईट केलं नव्हतंस, शमू. मी केलं होतं. मला माफ कर."